कोंदण आधी, लोह मागून



चेहरा फिकट दिसू लागला, दोन जिने चढताना धाप लागली, की घरातील वडीलधाऱ्यांचा एकच हुकूम सुटतो, लोहाचे औषध आणा. आणि आपल्याकडे लोहाची उणीव फार असल्यामुळे तो पुष्कळदा योग्यही ठरतो. परंतु रक्ताला तांबडेपणा देणाऱ्या हीम या द्रव्याच्या घडणीत लोहाचा प्रवेश अगदी शेवटी होतो, हे आज मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

सोनार आधी कोंदण घडवितो आणि मग त्यात खडा बसवितो. पेशीतले हे सोनारकाम तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) सुरू होते. तेथे ग्लायसीन हे साधे अमिनो आम्ल व सक्सिनिल को-एन्झाइम ए यांच्या संयोगाने एक लहानसा तुकडा तयार होतो. असे आठ तुकडे बाहेर येऊन दोन-दोन जुळतात, त्यांची चार कडी होतात, चार कड्यांचे एक वलय वळले जाते, आणि कोरून-तासून ते पुन्हा तंतुकणिकेत शिरल्यावर तेव्हा कोठे लोहाचा खडा मध्यभागी बसतो. यातला ग्लायसीनचा वाटा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड शेमिन यांनी, जड नायट्रोजनाची खूण केलेले ६६ ग्रॅम ग्लायसीन स्वतः सेवन करून आणि आपलेच रक्त वारंवार तपासून सिद्ध केला. मनुष्याची तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते, हेही १९४६ साली त्याच प्रयोगातून प्रसिद्ध झाले.

हे कोंदण घडण्यातच अडथळा आणणाऱ्या शिशाकडे आता वळू. तुकडे जोडणाऱ्या विकरातील (एन्झाइममधील) जस्ताला शिसे हुसकावून लावते आणि खडा बसविणाऱ्या अखेरच्या विकरालाही अडविते, म्हणजे कोंदणे घडतात थोडी आणि घडलेल्यांतही लोहाच्या जागी जस्त जाऊन बसते. अशा वेळी औषधाच्या बाटल्या रिचवून काय साधणार? हे शिसे पूर्वी छापखान्यातील खिळ्यांच्या धुळीतून येई; बॅटऱ्या फोडण्याच्या आवारातून येते, जुन्या रंगाच्या पोपड्यांतून येते, आणि शिसे मिसळलेल्या कथिलाची कल्हई असेल तर चिंचेच्या आमटीतूनही येते. लोह देऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या मुलाच्या अंगी लोह कमी, त्याचे आतडे शिसेही अधिक शोषते, तेव्हा लोह अवश्य द्या, पण आधी शिशाचा बंदोबस्त करा.

  शेवटी शिशाशी संबंध येणारे काम करणाऱ्यांना एवढेच विनवितो, की घरी येताच हातपाय धुवा, कामाचे कपडे वेगळे ठेवा, आणि मगच मुलाला उचलून घ्या.