समाजमंदिराचे कुलूप आणि आपली वडीलधारी माणसे

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात, वज्रेश्वरी परिसरातील ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या वतीने केलेले भाषण)



‘सेवा’ या विषयावर दहा मिनिटे बोलावे, अशी अध्यक्षांची सूचना आहे. सेवा हा शब्द फार मोठा आहे आणि आम्ही करतो ते काम लहान आहे. म्हणून कामाविषयीच बोलतो.

वज्रेश्वरीचे नाव निघाले की लोकांना आठवतात ती गरम पाण्याची कुंडे. अकलोली, गणेशपुरीला मुंबई-वसईकडून म्हातारी माणसे येतात, तानसेच्या काठी गुडघे शेकून बरे वाटले म्हणत परत जातात. पण देवळाच्या पायऱ्यांशी ओटीचे सामान विकणाऱ्या आमच्या आजीचे गुडघेही तेवढेच दुखतात. मुले आणि सुना पडघा, वडपे, मानकोलीच्या गोदामांत कामाला जातात. पहिल्या पाळीची गाडी अंधारात येते आणि संध्याकाळपर्यंत घरात उरतात एक म्हातारे माणूस, एक नातवंड आणि एक टीव्ही. कुणी कुणाला टाकलेले नाही. मुले वाईट नाहीत. पण दिवसभर ज्याच्याशी चार शब्द बोलायला कुणी नाही, त्याला हा खुलासा देऊन काय उपयोग?

शहरात यावर उपाय निघाला आहे. ठाणे, पुणे, नवी मुंबईत ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ महाराष्ट्रात १९८० पासून काम करतो आहे. वर्तमानपत्र, कॅरम, वाढदिवस, आरोग्य तपासणी, वर्षातून एक सहल. हे चांगलेच आहे, त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ती व्यवस्था मुख्यतः पेन्शनीत निघालेल्या माणसाच्या मापाने शिवलेली आहे. आमची माणसे पेन्शनीत निघालीच नाहीत. ती वीटभट्टीवर होती, भातशेतीत मजुरीला होती, भिवंडीच्या मागावर होती. त्यांना निरोपाचा नारळ कुणी दिला नाही, एक दिवस हात चालेनासे झाले एवढेच. त्यांच्या पुढ्यात कॅरम ठेवला तर ती विचारतात, “पोरा, माझे पैसे का बंद झाले ते बघ आधी.”

म्हणून दर गुरुवारी आम्ही समाजमंदिर उघडतो तेव्हा पहिला तास कागदांचा असतो. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये २०२३ पासून मिळू लागले, त्याआधी हजार होते. त्यासाठी वय पासष्ट पूर्ण पाहिजे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे! एवढ्यात कुटुंब कसे चालते, हे नियम करणाऱ्यांनी एकदा येऊन दाखवावे. असो. वयाचा घोळ त्याहून मोठा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाची जन्मतारीख आधारवर अंदाजाने पडलेली, बहुतेकांची १ जानेवारी. छप्पन सालच्या धर्मांतराच्या वेळी मी गुरे राखण्याएवढा होतो, असे सांगणारा माणूस कागदावर साठीचा निघतो. अशा वेळी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला काढावा लागतो. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर विटा उचलून बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. तेव्हा डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय मागावी लागते. ती मागितली तर पुष्कळ ठिकाणी होते. पण मागायची कुणी? शेजारी उभा राहून शांतपणे बोलणारा एक माणूस लागतो. आमच्या कामाचा अर्धा भाग हा शेजारी उभे राहण्याचाच आहे.

एसटीत पासष्टनंतर अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, हे पुष्कळांना ठाऊक आहे. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा फोन क्रमांक मात्र ठाऊक नाही. तो आम्ही भिंतीवर तळहाताएवढ्या आकड्यांत लिहिला आहे. मुले सांभाळीत नसतील तर २००७ च्या कायद्याने प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. परंतु आधी त्या मुलाशी, सुनेशी बोलावे, आणि दोन्ही बाजू ऐकाव्यात, असे आमचे मत आहे. सुनेच्या पायालाही चाके नाहीत.

विनयपिटकातला एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन खाटेवर निजवले. त्यातले एक वाक्य प्रवचनात बहुधा राहून जाते. इतर भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, असे विचारल्यावर त्या आजाऱ्याने सांगितले की, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही. आमच्या गुरुवारी हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. “आता माझा काय उपयोग?”

या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊन भागत नाही, असा अनुभव आहे. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्यातल्या एका मुलीने बाजारातून शेवळे आणली आणि घरी सर्वांचे घसे खवखवले. आमच्या एका आजीने तिला पुढे बसवून घेतले. शेवळाबरोबर काकडे का घालायची, कोणता भाग काढून टाकायचा, किती उकळायचे, सारे शिकवले. पुढच्या वेळी चार मुली वही घेऊन आल्या. मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. मग वाड्याच्या कोलम भाताची लावणी, तानसेचे पाणी कोणत्या साली कुठवर चढले, जात्यावर काय गायचे. जी आजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसे, ती आता आम्हांला उशीर झाला तर रागावते. तिच्या रागावण्याला आम्ही फार किंमत देतो.

बायका आधी येतच नसत. खुर्च्यांवर पुरुष आणि पत्ते. बायकांना नातवंडे सोडून निघता येईना. आम्ही सांगितले, नातवंडे घेऊन या. गोंगाट वाढला, काही आजोबांनी कुरकुर केली, पण बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली. गोंगाट चालू द्यावा.

आता थोडे कडू बोलतो. पाड्यावरचे कातकरी, वारली म्हातारे आमच्याकडे येऊ लागले तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विचारले की समाजमंदिर आपले, मग बाहेरची माणसे कशाला? ज्या समाजाला पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात हाच प्रश्न ऐकावा लागला, त्याने तो दुसऱ्याला विचारावा याचे दुःख वाटते. शिवाय ही इमारत सरकारी, म्हणजे लोकांच्या पैशाने उभी आहे. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर आणि एखादे लग्न सोडले तर वर्षभर तिला कुलूप असते. ते आठवड्यातून तीन तास उघडले तर झिजणार नाही.

तरुणांना दोन शब्द. आम्हांला शाल, नारळ आणि फोटो यांची गरज नाही. फळवाटप करून मोबाईलवर फोटो टाकणाऱ्यांनी तर येऊच नये. आजोबांशी ओरडून बोलू नका, समोर बसून सावकाश बोला, ऐकू येते. सगळ्यांना नुसते ‘बाबा, बाबा’ करू नका. प्रत्येकाला नाव आहे. बँकेत सोबत जा, पण त्यांचे एटीएम कार्ड हातात घेऊ नका, गुप्त क्रमांक विचारू नका, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका. ते आपल्यावर विश्वास टाकतात, म्हणूनच हे पाळायचे. कागदांच्या कामाला नेहमी दोघांनी जा. आणि सर्वांत महत्त्वाचे, कबूल केलेल्या दिवशी या. महिन्यातून एकच गुरुवार जमत असेल तर एकच घ्या, पण तो चुकवू नका. गुरुवारी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर येऊन बसणारा माणूस तुमच्या परीक्षेचे, पाळीचे वेळापत्रक जाणत नाही. तो फक्त कुलूप पाहतो.

सध्या आम्ही सातजण आहोत. लावणी-कापणीत आणि परीक्षांच्या काळात त्यातले तीन-चारच उरतात. महिन्याच्या चार गुरुवारांना प्रत्येकी चार, अशी सोळा नावे मिळाली तर काम खंड न पडता चालेल. त्यांत निदान चौघांना अर्ज भरता यावेत आणि एखाद्याकडे मोटारसायकल असावी. वही दाराशी ठेवली आहे. किल्ली आजवर एकाच घरी राहते. ती दोन घरी असावी, हा ठराव आजच्या सभेने करावा, अशी अध्यक्षांना विनंती आहे.