अपूर्ण कोलोनोस्कोपीनंतरची तपासणी



मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. लहान आतडे त्यास जेथे मिळते, त्या उजव्या टोकापर्यंत दुर्बीण पोहोचली तरच कोलोनोस्कोपी पूर्ण झाली असे आम्ही मानतो. आतड्याची सफाई अपुरी असणे, वळणे अवघड असणे, जुन्या शस्त्रक्रियेने आतडी चिकटलेली असणे किंवा गाठीमुळे मार्ग अरुंद होणे, यांमुळे ती मध्येच थांबवावी लागते. अशा वेळी ‘दोष आढळला नाही’ हा निष्कर्ष पाहिलेल्या भागापुरताच खरा असतो. उजव्या भागातील कर्करोग पुष्कळदा केवळ रक्तक्षय व अशक्तपणा यांतूनच जाणवतो.

पुढील तपासणी कारणानुसार ठरते. सफाई अपुरी असल्यास नीट तयारी करून पुन्हा कोलोनोस्कोपी करावी. वळणांची अडचण असल्यास बारीक दुर्बीण किंवा सीटी कोलोनोग्राफी उपयोगी पडते. आतडे साफ असून डॉक्टरांना योग्य वाटल्यास सीटी त्याच दिवशीही होते व जुलाबाचा दुसरा त्रास वाचतो. गाठीने मार्ग अडला असल्यास मात्र विलंब करूच नये.

पेणच्या गणपती कारखान्यांत उत्सवापूर्वी आणि रोह्याच्या शेतांत लावणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात मुंबईची खेप. म्हणून दुसरी तपासणी लांबणीवर पडते. देणगीदारांस आमची विनंती आहे की, साहाय्य पहिल्या तपासणीपाशी थांबू नये. आप्तांनी अहवाल घेताना ‘दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली का?’ एवढे अवश्य विचारावे आणि पोहोचली नसल्यास पुढील तारीख घेऊनच घरी जावे.