माहिती हीसुद्धा ठेवच
(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा सारांश)



डेटा सुरक्षेतले शब्द सोप्या भाषेत सांगा, असं सेक्रेटरींनी सुचवलं. शब्द पुष्कळ आहेत. संस्था म्हणून आपल्याला लागतील तेवढेच घेतो.

आधी आपलं दप्तर पाहू. सभासदांचे फोन नंबर, नॉमिनींची नावं, भाडेकरूंच्या आणि घरकामाला येणाऱ्या ताईंच्या आधारकार्डाच्या प्रती, गेटवरच्या अ‍ॅपमधल्या नोंदी, सीसीटीव्हीचं चित्रण. हा सगळा 'पर्सनल डेटा', वैयक्तिक माहिती. केंद्राच्या २०२३ च्या कायद्यात ज्याची माहिती तो 'डेटा प्रिन्सिपल' आणि ती कशासाठी, कशी वापरायची हे ठरवणारा तो 'डेटा फिड्युशिअरी', म्हणजे विश्वस्त. बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला हे नातं ओळखीचं वाटतं. ठेव ठेवीदाराची असते. बँक ती सांभाळते, मालक होत नाही.

आता नेहमी गल्लत होणारे तीन शब्द. परिसरात चोर फिरतोय, हा 'थ्रेट', धोका. आपल्या मागच्या दाराची कडी मोडलीय, ही 'व्हल्नरेबिलिटी', कच्ची जागा. तिथून चोरी होण्याची शक्यता किती आणि झाली तर नुकसान किती, हा हिशेब म्हणजे 'रिस्क', जोखीम. चोर आपल्या हातात नाही, कडी आहे. कमिटी बदलली तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तोच राहतो, ही आपली मोडकी कडी.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीला कुणी हातही लावला नाही. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत शिरकाव झाला आणि बनावट कार्डांना परस्पर होकार मिळत गेला.

'फिशिंग' म्हणजे गळ टाकणं. लिफ्ट कंपनीच्या नावाने मेल येतो : आमचं खातं बदललं, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा. अशा वेळी मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला कळवा.

'रॅन्समवेअर' म्हणजे आपल्याच फायलींना चोराने कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणं. त्यावर उपाय बॅकअपचा. पण त्याची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली नको, नाहीतर तिलाही कुलूप लागेल.

'डेटा ब्रीच'ला हॅकरच लागतो असं नाही. कुणाच्या आधारकार्डाचा फोटो चुकून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला, तरी तो ब्रीचच. ब्रीच झाला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती गेली त्यांना कळवावं, असं कायदा सांगतो. सुरक्षेत हयगय ठरली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींची आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, पण आपण तोवर थांबायचं कारण नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. नव्या कमिटीकडे दप्तर सोपवलं, की त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलावेत. आधारची प्रत घ्यायचीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी, 'मास्क्ड' घ्यावी. आणि भाडेकरू घर सोडून गेला, घरकामाच्या ताईंनी काम सोडलं, की नियमाने ठेवावं लागतं तेवढं ठेवून बाकीचं नष्ट करावं. या माणसांना सभेत मत नाही, त्यांच्या वतीने विचारणारंही कुणी नाही. म्हणून ही काळजी आपणच घ्यायची. मुदत संपली की ठेव परत करावी लागते. माहितीचंही तसंच आहे.