पोट बिघडलंय म्हणू नका

वर्गमित्रांनो, आज बोलणं आपल्यातल्या ख्रिस्ती मुलामुलींशी आहे. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

शाळा सुटल्यावर आपण फार गप्प झालो. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्त सांगितला भजन-कीर्तनातूनच. (मला तर ते ऑर्गनपेक्षा गोड वाटतं.) कुणाच्या देवाला नावं न ठेवता आपल्याला काय मिळालं तेवढंच सांगायचं, आणि समोरच्याचंही ऐकायचं. ऑफिसात कुणी विचारलं, ‘हल्ली डब्यात मटण नाही?’ तर ‘पोट बिघडलंय’ म्हणू नका. उपवासकाळ आहे म्हणा. ‘कसला?’ असं विचारलं, तर तेही सांगा.