घरातील परवान्याची बंदूक : जपणूक आणि कायदा

(तुळजापूर येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक. रब्बी ज्वारीच्या पेरणीविषयी मी काही सांगावे अशी आपली अपेक्षा असणार. परंतु अलीकडे कोणत्याही शिवारात गेलो, की तणनाशकाच्या आधी एक प्रश्न हमखास येतो : "सर, रानडुकरांनी हरभरा पार उकरला, बंदुकीचा परवाना मिळंल का?" 2024 च्या अखेरीस टिपेश्वरकडचा वाघ येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यापर्यंत येऊन पोहोचला, तेव्हापासून तर विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे. परवाना कसा काढावा हे पुष्कळजण विचारतात. आणलेली बंदूक घरात ठेवावी कशी, हे मात्र मला अजून एकानेही विचारलेले नाही. म्हणून आज त्याविषयी बोलतो.

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. माळवदाच्या घरात, ज्वारीच्या कणगीवरच्या खुंटीला ती टांगलेली असे. एकदा पावसाळ्यात आजोबा जागलीवरून पहाटे परतले, बंदुकीची टोपी काढून डबीत ठेवली आणि बंदूक खुंटीला अडकवून झोपी गेले. सकाळी माझा दहा वर्षांचा चुलतभाऊ कणगीवर चढला. टोप्यांची डबी कोठे असते हे त्याला चांगले ठाऊक होते. बार तुळईत बसला. खाली चुलती दळण निवडत होती. कोणाला इजा झाली नाही, पण त्या छर्ऱ्यांच्या खुणा घर पाडेपर्यंत तुळईवर तशाच होत्या, आणि त्यानंतर आजोबांनी बंदुकीला हात लावलेला मला आठवत नाही.

आजोबांचे चुकले कोठे? टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा त्यांचा समज. नळीत दारू आणि छर्रे ठासलेलेच होते. ठासणीची बंदूक मागून उघडून पाहता येत नाही, म्हणून ती भरलेली आहे की रिकामी हे ओळखण्याची एक सोपी युक्ती सांगतो. बंदूक नक्की रिकामी असताना गज नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करून ठेवा. पुढे केव्हाही गज सोडल्यावर ती खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार आहे. मात्र हे पाहताना टोपी काढलेली असावी आणि नळीसमोर आपले तोंड किंवा हात येऊ देऊ नये. काडतुसाच्या एकनळी-दुनळीचे काम सोपे असते. ती शेतातच उघडावी, काडतुसे काढावीत आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. भरलेली बंदूक घराचा उंबरा ओलांडून कधीही आत येता कामा नये.

आता ठेवण्याची जागा. खुंटी, देवळी, अंथरुणांची उतरंड, धान्याची कोठी या जागा नव्हेत. लोखंडी कपाट किंवा कुलपाची पेटी भिंतीला वा जमिनीला पक्की बसवावी. काडतुसे, दारू व टोप्या यांचे कुलूप वेगळे आणि जागाही वेगळी असावी. किल्ली परवानाधारकाजवळच असावी. देवघरातल्या डब्यात किल्ली ठेवली म्हणजे ती घरातल्या प्रत्येक लेकराला दिल्यासारखेच आहे. ठासणीची दारू चुलीपासून, दिव्यापासून आणि कडब्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवावी. ती ओल धरते आणि ठिणगी तर तिला क्षणभरही सहन होत नाही. बंदूक कातडी किंवा कापडी खोळीत महिनोन्महिने ठेवू नये. खोळ दमट होते आणि नळीला आतून गंज चढतो. तेलाचा हलका हात फिरवून ती उघडीच कपाटात उभी करावी.

आपल्या भागात आणखी एक प्रसंग येतो, तो म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रे पूजेला निघतात, घरात पाहुणे आणि मुले असतात. पूजेला ठेवण्यापूर्वी बंदूक दोनदा तपासावी आणि काडतूस पूजेत मांडूच नये. मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस तर आता महागात पडते. 2019 च्या दुरुस्तीनुसार, इतरांच्या जिवाला धोका होईल असा हर्षाचा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायद्याचे मूळ शस्त्र अधिनियम 1959 मध्ये आहे आणि तपशील शस्त्र नियम 2016 मध्ये. परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. पीकसंरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचाच विचार होतो. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होऊ शकते. अर्जाबरोबर बंदुकीचा सुरक्षित वापर व साठवण याबाबतचे हमीपत्रही द्यावे लागते. ते केवळ सहीपुरते नाही. परवान्याची अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनापरवाना बंदूक सापडली तर मात्र किमान दोन व कमाल पाच वर्षे कैद आणि शिवाय दंड.

इथे बहुतेक घरे फसतात ती दोन बाबतींत. पहिली, "आज तू जा जागलीला" म्हणून मुलाच्या हाती बंदूक देणे. परवाना बापाचा असला म्हणून तो मुलाला चालत नाही, आणि एकवीस वर्षांखालील मुलाला तर मुळीच नाही. दुसरी बाब वारशाची. परवानाधारक वारला, की ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क संपतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी व वारसाने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. वडिलांचे वय 70 झाले असेल किंवा त्यांनी बंदूक 25 वर्षे बाळगली असेल, तर त्यांच्या हयातीतही वारसाला असा अर्ज करता येतो. तेराव्यानंतर पाहू, वाटणीच्या वेळी पाहू, असे म्हणत वर्षे जातात आणि घर नकळत गुन्ह्यात सापडते.

परवाना हातात आला म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली, असेही नाही. काळवीट आणि वाघ हे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकासाठी त्यांच्यावर बंदूक उचलता येत नाही. रानडुक्कर किंवा नीलगाय मारायची तरी वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. माझे प्रामाणिक मत विचाराल, तर दोन-चार एकरांच्या धन्याला बंदुकीपेक्षा सौरकुंपण आणि नुकसानीचा वेळेवर केलेला अर्ज अधिक उपयोगी पडतो. कुंपणात घरची वीज सोडण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. त्यात डुकराआधी शेजारचा माणूस जातो.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलतो. आपल्या जिल्ह्यात नापिकी आणि कर्जापायी घरेच्या घरे खचलेली आपण पाहिली आहेत. 2015 मध्ये शासनाने बळीराजा चेतना अभियान यवतमाळबरोबर आपल्याच जिल्ह्यात सुरू केले, ते त्याचमुळे. घरातला माणूस गप्प झाला असेल, जेवत नसेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी बंदूक घराबाहेर काढावी. ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ती सुरक्षिततेसाठी ठेवता येते. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात ठेवतो तशीच. कीटकनाशकाचे डबेही कुलपात, शेजाऱ्याकडे किल्ली देऊन. अशी वाईट घडी पुष्कळदा टळून जाते. तेवढा वेळ हाताशी काही असू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आज घरी गेल्यावर परवाना काढून त्यावरची मुदत पाहा. आता तो पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा होता, त्यामुळे हिशेबात चूक होते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान दोन महिने आधी द्या. आणि बंदूक खुंटीला असेल, तर दिवस मावळण्याआधी ती खाली उतरवा.