पांढरी रेघ

‘दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत!’ वसंत व्याख्यानमालेतल्या त्या संध्याकाळी बालदंतवैद्य बाईंनी हे वाक्य उभ्या उभ्या उच्चारलं आणि पुढचा तासभर त्या त्याच्याशीच भांडत राहिल्या.

दात कधी येतात, हे समोर बसलेल्या आज्यांना काय सांगायचं? सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दोन, तीन वर्षांपर्यंत सगळे २०. एवढं सांगून त्या रात्रीच्या बाटलीवर आल्या. बाळ झोपलं की लाळ कमी सुटते. बाटलीतलं साखर घातलेलं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं, जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि दुधाच्या दातांचं मुळातच पातळ असलेलं कवच विरघळू लागतं. खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण चोखताना जीभ त्यांच्यावर असते. कीड लागण्याआधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. तेव्हाच लक्ष गेलं, तर ती थोपवता येते.

‘आम्ही गुटीत मध चाटवला, आमच्या पोरांचं काय बिघडलं?’ मागून एक आजी म्हणाल्या. सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. वर्षाच्या आत मध नकोच, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होते, हे त्यांनी समजावलं. साखर किती, यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात जाते हे महत्त्वाचं, असं सांगताना त्या स्वीडनला पोचल्या आणि तिथेच रमल्या.

लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ नंतर बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दातांना फारसा त्रास झाला नाही. ज्यांना जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी दिली, त्यांचे दात भराभर किडले. ‘त्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं,’ हे सांगताना बाईंचा आवाज जड झाला. निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले. मुलांना गोड खाऊ शनिवारीच द्यायचा, ही स्वीडनमधली रीत पुढे त्यातूनच रुजली.

इतक्यात चिठ्ठी आली : पाच मिनिटं.

मग धावतपळत सूचना. पहिला दात दिसला की ब्रश सुरू. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याकडे. हिरड्या बधिर करणारं जेल नको. जोराचा ताप किंवा जुलाब ‘दातांचे’ म्हणून अंगावर काढू नका.

‘पण पडणाऱ्या दातांसाठी एवढा खटाटोप?’ एका तरुण बाबांनी विचारलं.

दुधाची मागची दाढ १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असते, बाई म्हणाल्या. ती लवकर गेली, तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताला जागाच उरत नाही. आज घरी गेल्यावर बाळाचा वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरडीलगत पाहा.