शाल, श्रीफळ आणि चकमक



साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वर्षभराचे असले तरी माईक एकदाच हाती येतो. साहित्याचे प्रयोजन परिसंवादवाल्यांवर सोपवून मी आज फिलिपिन्सबद्दल बोलणार आहे. मागे चुळबुळ सुरू झाली, होऊ द्या.

अमली पदार्थवाल्यांना ठार करीन, असे उघड सांगूनच रोद्रिगो दुतेर्ते २०१६ साली तिथे निवडून आले. पोलीस याद्या घेऊन गरीब वस्त्यांत दारे ठोठावू लागले. सरकारी हिशेबानेच पोलीस कारवाईत ६००० हून अधिक माणसे मेली. मोटारसायकलवरून आलेल्या अनोळखी मारेकऱ्यांचे बळी वेगळेच. अहवाल ठरलेला: त्याने बंदूक काढली, म्हणून आम्ही गोळी झाडली. ऑगस्ट २०१७ मध्ये कालोओकानला सतरा वर्षांचा एक शाळकरी पोरगा असाच मेला. सीसीटीव्हीत मात्र साध्या वेशातले पोलीस त्याला धरून नेताना दिसले. बंदूक त्याच्या डाव्या हातात सापडली. पोरगा उजव्या हाताचा, असे घरचे सांगत राहिले. तीन पोलिसांना शिक्षा झाली ती त्या चित्रीकरणामुळे. एवढे होऊनही दुतेर्तेंची लोकप्रियता टिकून होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्यासारखे पांढरपेशे काही कमी नव्हते.

'त्याने बंदूक काढली' हा अहवाल मला तोंडपाठ आहे. नव्वदच्या दशकात मी एका दैनिकात रात्रपाळीला होतो. पोलिसांचा फॅक्स यायचा, कागद गरम असायचा, आणि मजकूर कालचाच. फक्त नाव आणि नाका बदललेला. पंचनामा कोणी पाहिला, असे विचारले की उत्तर यायचे, "पान सोडायचंय, साहित्यिक!" मुंबईतल्या १९९५ ते १९९७ मधल्या ९९ चकमकी आणि सुमारे १३५ मृत्यू यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ साली न्यायालयाने बजावले की चकमकीनंतर लगोलग शौर्यपदक किंवा बढती नको.

आणि आपण? त्यानंतर याच व्यासपीठावर एका चकमकफेम अधिकाऱ्याला शाल आणि श्रीफळ दिले! निषेधाचा माझा ठराव 'वेळेअभावी' राहिला. वेळ कुठे गेला, ते सांगतो: एका कविवर्यांनी त्या अधिकाऱ्यावर बारा कडव्यांचे गौरवगीत म्हटले. नाव घेत नाही. पुरस्कार समितीवर ते अजून आहेत आणि मला कोणाचे पोट मारायचे नाही. ठरावावर सह्या करणारे दोघे आज पहिल्या रांगेत आहेत. त्या दिवशी त्यांना लवकर गाडी पकडायची होती, हे मला ठाऊक आहे.

मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेंना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेले. माझा ठराव मात्र कार्यवाहांच्या कपाटातून हलला नाही.

तो मी आत्ता मांडतो: न्यायालयाबाहेर माणूस मारणाऱ्या कोणाचाही सत्कार या मांडवात होणार नाही. अध्यक्षाला अनुमोदक लागतो की नाही, ते घटना समितीने सावकाश ठरवावे. कार्यवाह, लिहून घ्या.